पाण्याची गादी आणि कल्याणीचा कायदा

म्युनिक, जर्मनी

ती. काका आणि सौ. काकू,

तुमचं पत्र मिळालं. शेवटी जाता जाता तुम्ही विचारलंत, "तिकडं वापरलेली वस्तूबी मन फिरलं म्हणून परत घेतात म्हणे. मग दुकानदारानं खायचं काय?" भालकीच्या पेठेत कापडाच्या दुकानात जन्म काढलेल्या माणसाला हा प्रश्न पडायलाच हवा. प्रश्न एका ओळीचा असला तरी उत्तराला चार पानं लागणार, तेव्हा चहा सांगून बसा. माझं म्हणणं आधीच मांडतो, म्हणजे काकूंवर शेवटपर्यंत ऐकायची सक्ती नाही. वस्तूची पारख होईपर्यंत मन बदलायचा हक्क गिऱ्हाइकाला हवा. पारख झाल्यावर तो नको. आणि पारखीपलीकडं जो वापर झाला असेल, त्याचे पैसे गिऱ्हाइकानं निमूट मोजावेत. हे शहाणपण मी जर्मनीत शिकून तुम्हाला शिकवतोय असं समजू नका. त्याचा उतारा आपल्याच बीदर जिल्ह्यात निघतो, तो पुढं दाखवतो.

आधी इथली बातमी दुरुस्त करून घेऊ. जर्मनीत दुकानात जाऊन, हाताळून, पैसे मोजून घेतलेला सदरा दुसऱ्या दिवशी आवडेनासा झाला, तर तो परत घ्यायची सक्ती कायद्यानं कोणावरही नाही. बरेच दुकानदार घेतात, पण तुम्ही बस्त्याच्या गिऱ्हाइकाला थंडा पाजता त्याच खात्यातला तो खर्च आहे. हक्क आहे तो घरबसल्या मागवलेल्या मालाला. युरोपीय संघाच्या २०११च्या निर्देशाप्रमाणे १३ जून २०१४पासून सगळ्या सदस्य देशांत नियम असा, की माल हातात पडल्यापासून चौदा दिवसांत 'नको' म्हणून कळवायचं, कारण सांगायचं नाही. विक्रेत्यानं हा हक्क आधी नीट सांगितलाच नसेल, तर मुदत आणखी बारा महिन्यांनी लांबते. कळवल्यापासून चौदा दिवसांत त्यानं पैसे परत करायचे, मात्र माल परत आल्याचं कळेपर्यंत ते अडवून ठेवायची त्याला मुभा आहे. परत पाठवायचा खर्च, विक्रेत्यानं आपणहून अंगावर घेतला नसेल तर, गिऱ्हाइकाचा. मापानं शिवलेले कपडे, नाशवंत माल आणि आरोग्याच्या कारणानं सीलबंद केलेली पण सील फोडलेली वस्तू यांना हा नियम लागू नाही. कारण न सांगण्याची सवलत आपल्या माणसाला सगळ्यांत जड जाते. आपल्याकडं 'नको' म्हणायचं तर नणंदेची नापसंती, रंगाचा दोष आणि आजचा वार अशी तीन कारणं तरी जोडावी लागतात. इथल्या मराठी घरांतून परत गेलेल्या खोक्यात, कोणी विचारलेलं नसताना, माफीची चिठ्ठी निघाली तर आश्चर्य वाटू देऊ नका.

आता तुमचा खरा मुद्दा, वापरलेल्या वस्तूचा. इथल्या एका गृहस्थानं इंटरनेटवरून १,२६५ युरोंचा पाण्याचा पलंग मागवला. जोडला, गादीत पाणी भरलं, तीन दिवस वापरला आणि मग कळवलं, नको. विक्रेता म्हणाला, एकदा पाणी भरलेली गादी मी आता कोणाच्या गळ्यात मारू? माझ्या कामाचा उरला तो पाणी तापवायचा हीटर, त्याचे २५८ युरो घे आणि विषय संपव. विषय संपला नाही. तो कार्ल्सरुहला, देशाच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात गेला आणि ३ नोव्हेंबर २०१० रोजी निकाल गिऱ्हाइकाच्या बाजूनं लागला. पाण्याची गादी पाणी भरल्याशिवाय तपासता येत नाही, तेव्हा पाणी भरणं ही पारखच झाली आणि पारखीचे पैसे लागत नाहीत, असा त्याचा सारांश. हे वाचून तुम्ही कपाळाला हात लावाल, पण जरा थांबा. त्याच न्यायालयापुढं पुढं दुसरं गिऱ्हाईक आलं. यानं मोटारीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा नळीतला भाग, ऑनलाइन घेतला, गॅरेजमध्ये बसवून घेतला, गाडी फिरवून बघितली, जोर कमी वाटला म्हणून काढून परत धाडला. त्यावर वापराच्या खुणा होत्या. १२ ऑक्टोबर २०१६च्या निकालात न्यायालय म्हणालं, परत द्यायचा हक्क तुझा, पण झीज भरून दे. दुकानात गेला असतास तर तिथं कोणी तुला सुटा भाग गाडीत बसवून चक्कर मारू दिली नसती. बघू दिला असता, माहिती दिली असती, बस. मग २७ मार्च २०१९ रोजी युरोपीय न्यायालयानं साध्या गादीचाही निकाल लावला. वरचं प्लास्टिक काढलं म्हणून हक्क बुडत नाही, कारण अंगावर घालून बघितलेल्या कपड्याप्रमाणं ती साफ करून पुन्हा विकता येते. तिन्ही निकालांतून निघतं ते एवढंच, की पारखायला लागेल तेवढं फुकट, त्यापुढचं केलं तर किंमत मोजा. तेव्हा इथला दुकानदार उपाशी मरत नाही. झीज कुठं सुरू होते यावर भांडत बसतो, आणि कधी जिंकतोही.

"हे गोऱ्यांचे लाड आहेत, आपल्या मातीत चालायचे नाहीत," असं तुम्ही म्हणणार. मातीचंच सांगतो. चालुक्यांची राजधानी कल्याणी म्हणजे आपलं बसवकल्याण. तिथं सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात, म्हणजे १०७६ ते ११२६ या काळात, विज्ञानेश्वरानं याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. गुलबर्ग्याकडची मंडळी त्याला आपल्या मर्तूरचा म्हणतात, तेव्हा दोन्ही जिल्ह्यांनी मान वाटून घ्यावा. तुम्हाला मिताक्षरा ठाऊक आहे ती वाटणीच्या दाव्यात वकिलाच्या तोंडून ऐकून. वडिलार्जित जमिनीत पोराचा जन्मतः हिस्सा, हे तिचंच म्हणणं. पण त्याच ग्रंथात 'क्रीतानुशय' नावाचं एक प्रकरण आहे. विकत घेतलं आणि मग पस्तावा झाला तर काय करायचं, एवढाच त्याचा विषय. मन फिरणं हा बायकी किंवा बालिश स्वभाव म्हणून झटकून टाकलेला नाही, खटल्याचं एक रीतसर सदर म्हणून त्याला मुदती बांधून दिल्या आहेत. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, ओढकामाच्या जनावराला पाच, दुभत्याला तीन, रत्नाला सात. हे आकडे नीट बघा. तुरीचं बी उगवणक्षम आहे की नाही ते आठ-दहा दिवसांत रान सांगतं. म्हशीचं खरं दूध तीन दिवसांच्या धारेत कळतं, कारण पहिल्या दिवशी विकणाऱ्यानं धार तुंबवून आणलेली असू शकते. देवणी बैल औताला चालतो की तासात बसकण मारतो, हे पाच दिवस जुंपलं की लपत नाही. मुदत वस्तूच्या किमतीवर ठरलेली नाही, तिचा गुण कळायला लागणाऱ्या वेळेवर ठरलेली आहे. मनूनं सांगितलेली सरसकट दहा दिवसांची मुदत विज्ञानेश्वर घर, शेत, वाहन, आसन आणि शयन यांना लावतो. शयन म्हणजे पलंग. तो पाण्यानं भरलेला असेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नसणार, पण त्या जर्मन गृहस्थाला कल्याणीतही दहा दिवस मिळाले असते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं तो शेवटी सांगतो. हे सगळं न पारखता घेतलेल्या मालापुरतं. पारखून आणि 'परत करणार नाही' असं ठरवून घेतलेला माल परत करता येत नाही.

वापराचा हिशेब नारदस्मृतीत आहे, आणि मिताक्षरेनं तो पुढं चालवला. सौदा फसला असं वाटलं तर त्याच दिवशी माल आहे तसा परत द्यावा. दुसऱ्या दिवशी दिला तर किमतीचा तिसावा हिस्सा सोडावा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर माल गिऱ्हाइकाचाच. म्हणजे ३,००० रुपयांच्या साडीवर दुसऱ्या दिवशी १०० रुपये कापायचे, तिसऱ्या दिवशी २००. कापडवाल्यांसाठी तर खास सोय आहे. नेसून मळवलेलं, चुरगाळलेलं वस्त्र, त्यात दोष निघाला तरी, विकणाऱ्याच्या माथी परत मारता येत नाही. नारदानं धुण्याचाही दर बांधून दिलाय. एकदा धुतलं की किमतीचा आठवा हिस्सा गेला, दोनदा धुतलं की चौथा, तीनदा धुतलं की तिसरा, चारदा धुतलं की निम्मी किंमत. पक्क्या रंगाची तोंडी हमी त्या काळीही फारशी खपत नसावी, असं यावरून दिसतं. इथं कोणी मला अडवील, की त्याच यादीत दासाला पंधरा दिवस आणि दासीला महिना, अशी माणसांच्या पारखीचीही मुदत आहे, तिचं काय? खरं आहे, आणि म्हणूनच तो ग्रंथ डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही. त्या समाजरचनेला आव्हान देणारे बसवण्णाही बाराव्या शतकात त्याच कल्याणीत उभे राहिले. मला ग्रंथाचा मोठेपणा गायचा नाही. 'असलं आपल्याकडं कधी नव्हतंच' ही सबब तेवढी खोडायची आहे.

या कसोटीवर तुमचं दुकान लावून बघू. भिंतीवरची 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी बघून शहरातली पोरं नाक मुरडतात. पण आपल्याकडं लुगडं विकत कसं घेतात ते त्यांनी एकदा बघावं. आधी गादीवर बैठक. मग मोरपंखी दाखवा, त्यातच जरा गडद दाखवा, काठ रुंद दाखवा, मघाचंच पुन्हा दाखवा. पदर उलगडायचा, काठ उलटा करून सूत बघायचं, बोटं ओली करून रंग चोळायचा, ट्यूबलाइटवर विश्वास नाही म्हणून लुगडं दारात उन्हात न्यायचं, सासूच्या खांद्यावर टाकून सुनेनं बघायचं आणि सुनेच्या खांद्यावर टाकून सासूनं. मन फिरायचं तेवढं या दोन तासांत, पैसे गल्ल्यात पडायच्या आधीच फिरून घेतं, आणि घड्या घालायची मजुरी तुमच्या पोराची. बैलबाजारातही तेच. दात बघितले, चालवून बघितलं, रुमालाखाली बोटं धरून भाव तुटला, की मग 'बायकोला आवडला नाही' ही तक्रार चालत नाही. एवढी पारख झाल्यावर तुमच्या पाटीला विज्ञानेश्वराची संमती आहे असं मी म्हणेन. फक्त तिच्या आडून सदोष माल खपवता येत नाही. २० जुलै २०२०पासून लागू झालेल्या २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलावर मुदत छापली असेल ती मुदत, नसेल तर तीस दिवस. पाटी बदललेल्या मनाला अडवते, फाटलेल्या काठाला अडवत नाही. पहिल्या धुण्यात रंग गेला तर नारदाचा आधार शोधू नका, आजचा कायदा त्याच्या पुढं गेला आहे.

अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. तुमच्याच गल्लीतली माणसं आता मोबाइलवर मालाचा फोटो बघून मागवतात. सूत बघता येत नाही, पदर उलगडता येत नाही, फोटोतला मोरपंखी घरी येईपर्यंत निळा होतो. जिथं पारख मुळीच शक्य नाही तिथंच मन बदलायचा हक्क हवा, आणि नेमका तिथंच आपला कायदा गप्प आहे. २३ जुलै २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं माल सदोष, बनावट, जाहिरातीपेक्षा वेगळा किंवा कबूल मुदतीनंतर आलेला असेल तर विक्रेत्याला तो नाकारता येत नाही. माल चांगला आहे, वेळेवर आला, पण डोळ्यांसमोर आल्यावर मनाला पटला नाही, याला त्या नियमांत जागा नाही. तुम्ही म्हणाल, कंपन्या घेतातच की परत. घेतात, पण मर्जीनं. आज सात दिवस, उद्या फक्त बदलून, परवा या वस्तूला परती नाही. मर्जी आणि हक्क यांत बक्षिसी आणि पेन्शन यांच्याइतकं अंतर आहे. आणि सरकारला हे तत्त्व परकं आहे असंही नाही. आयुर्विम्याची पॉलिसी हातात आल्यावर तीस दिवसांत, अटी पटल्या नाहीत म्हणून, ती परत करता येते. तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांकाचा खर्च कापून बाकी पैसे मिळतात. वाचल्याशिवाय कळत नाही म्हणून मुदत, आणि वापर झाला तेवढी कपात. नारदाचा तिसावा हिस्सा विमा खात्यानं न सांगता उचललाय. कागदाला जी मुभा आहे ती कुकरला का नसावी, एवढाच माझा प्रश्न आहे.

तुमचा पुढचा आक्षेप मला इथूनच ऐकू येतो. "लोक लबाड असतात. लग्नात मिरवून सोमवारी साडी परत करतील." करतील. अमेरिकेतल्या एल. एल. बीन या कंपनीनं आपला माल केव्हाही परत घ्यायचं व्रत कैक दशकं पाळलं आणि फेब्रुवारी २०१८मध्ये ते मोडून एक वर्षाची मुदत घातली, कारण लोक वर्षानुवर्षं वापरलेल्या वस्तू, दुसऱ्यांनी टाकलेल्यासुद्धा, घेऊन यायला लागले होते. पण यातून हक्क वाईट असं ठरत नाही. मुदत आणि कपात नसलेला हक्क टिकत नाही, एवढं ठरतं. घडी मोडून हळदीचा डाग पाडलेली साडी जर्मन कायद्यातही पूर्ण पैशांत परत जात नाही. दुसरा आक्षेप नासाडीचा, आणि तो जास्त वजनदार आहे. बांबर्ग विद्यापीठाच्या अभ्यासाप्रमाणं २०१८ साली जर्मनीत २८ कोटी पार्सलं परत गेली, म्हणजे दर सहातलं एक. तेवढं डिझेल, तेवढा पुठ्ठा. पण हा पूर कायद्यानं आणलेला नाही, फुकट परतीच्या जाहिरातीनं आणलाय. कायदा तर परतीचं भाडं गिऱ्हाइकावरच टाकतो. भाडं खिशातून गेलं की माणूस दोन मापांचे बूट एकदम मागवायच्या आधी पाय मोजून बघतो. तिसरा आक्षेप लहान व्यापाऱ्याचा. ऑनलाइन विकणाऱ्या एकट्यादुकट्या कारागिराला हे पेलणार नाही. बीदरी काम मागणीप्रमाणं घडवलेलं असेल तर त्याला इथल्यासारखी सूट मिळावी. तयार सुरई असेल तर फोटो नीट काढावा आणि परतीचं भाडं आधी सांगावं. मोठ्या कंपनीनं परतीचा तोटा कारागिराच्या बिलातून कापू नये, हे मात्र नियमात लिहून घ्यावं लागेल, नाहीतर हक्क गिऱ्हाइकाचा आणि दंड कारागिराचा असं होईल.

तोपर्यंत घरातल्यांना एवढं सांगून ठेवा. ऑनलाइन मागवायच्या आधी परतीची अट वाचायची, कारण ती अटच आज आपला कायदा आहे. खोकं फाडायचं नाही, कापायचं. लेबल पारख होईपर्यंत ठेवायचं. माल सदोष निघाला तर १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची, आणि तिथं दाद लागली नाही तर बीदरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. नव्या कायद्यात आणखी एक सोय आहे. तक्रारदार राहतो तिथंच तक्रार करता येते. म्हणजे बस्ता उदगीरला किंवा लातूरला बांधला तरी भांडायला महाराष्ट्रात जायला नको. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, पण फाटक्या शालूपुरती ती सीमा संसदेनं केव्हाच पुसली. राहता राहिली माझी मागणी, आणि ती तुमच्यासारख्या दुकानदारांनीच आधी करावी असं मला वाटतं. न बघता विकलेल्या मालाला चौदा नाही तर दहा दिवस द्या, भाडं गिऱ्हाइकाचं ठेवा, वापराची कपात आकड्यात बांधून द्या. मोबाइलवरच्या विक्रेत्याला पारखीचा खर्च सोसावा लागला, तर तुमच्या दुकानात फुकट मिळणाऱ्या दोन तासांच्या पारखीची किंमत लोकांना कळेल. आज तुम्ही घड्या घालता आणि धंदा तो करतो. असा कायदा गिऱ्हाइकाइतकाच पेठेच्या कामाचा आहे.

काकूंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. येळवशीला रानात जाल तेव्हा आमच्या वाटणीची भज्जी पोरांना द्या.

तुमचा पुतण्या

ता. क. हे पत्र वाचून, पेठेत फिरवून, चहाचे डाग पाडून पटलं नाही म्हणून परत पाठवू नका. नारदाची मनाई आहे.